जपान: आईसोबत चार दिवस, आजची कला कुठे बघावी?

खडीसाखर:
नमस्कार मंडळी. नोव्हेंबरात आईला घेऊन जपानला जातेय. देवळं, किल्ले झाल्यावर शेवटचे चार दिवस मोकळे ठेवलेत. आजची कला आणि रोजच्या वापरातल्या वस्तू बघायच्यात. आई ६६ वर्षांची, चित्रकलेची निवृत्त शिक्षिका. सावकाश, पण भरपूर चालते. टोकियोतच राहू की बाहेर पडू?

वाटसरू:
नक्की बाहेर पडा! पश्चिम जपानातल्या ओकायामा शहरात मुक्काम करा, तिथून रेल्वेने उनो बंदर आणि पुढे २० मिनिटांच्या बोटीने नाओशिमा बेट. तिथलं चिचू कला संग्रहालय (२००४) वास्तुविशारद तादाओ आंदो यांनी जवळजवळ पूर्ण जमिनीखाली बांधलंय. फ्रेंच चित्रकार मोनेची पाच कमळचित्रं तिथे नुसत्या वरून येणाऱ्या दिवसाच्या उजेडात बघायची. ढग आला की चित्र बदलतं. चित्रकला शिकवलेल्या माणसाने हे बघायलाच हवं. तिकीट आधी ऑनलाइन काढा. आणि सोमवार टाळा, आम्ही नेमके सोमवारी गेलो आणि बंद दारं बघून परतलो.
ओकायामात कोराकुएन बागही बघा. पुण्याची सिंहगड रस्त्यावरची पु. ल. देशपांडे बाग तिच्याच धर्तीवर केलीय.

गवतफुला:
वाटसरूंना अनुमोदन, पण माझं मत विचाराल तर तेशिमा आधी. शेजारचंच बेट. वास्तुविशारद र्‍यूए निशिझावा आणि कलाकार रेई नाइतो यांचं तेशिमा कला संग्रहालय (२०१०) म्हणजे पांढऱ्या काँक्रीटचं एकच कवच, आत एकही खांब नाही, वर दोन मोठी भोकं. भिंतीवर काही टांगलेलं नाही. जमिनीतून पाण्याचे थेंब उगवतात. एक थेंब थरथरतो, घरंगळतो, दुसऱ्याला भिडतो, दोघांची सापासारखी रेघ होऊन पळते. अळवाच्या पानावरचं पाणी आठवा. मी तासभर बसले होते, उठवेना. इथे मंगळवारी सुट्टी असते. बस मोजक्याच, वेळापत्रक जवळ ठेवा.

बोरकूट:
बेटांना दोन दिवस पुरेत. एक सकाळ टोकियोच्या मिंगेइकानला, म्हणजे लोककलेच्या संग्रहालयाला द्या, शिबुयापासून दुसरं स्टेशन, कोमाबा. यानागी सोएत्सु यांनी १९३६ मध्ये उघडलं. अनाम कारागिरांची वाडगी, चहाची भांडी, घोंगड्या. आजच्या जपानी वस्तूंचा साधेपणा कुठून आला ते तिथे कळतं.
नाओशिमावर चित्रकार शिन्रो ओताके यांनी सजवलेलं सार्वजनिक स्नानगृहही आहे, २००९ पासून चालू. बायका-पुरुषांच्या भागांमधल्या भिंतीवर चक्क हत्ती उभा आहे! गावकरीही तिथे अंघोळीला येतात.

खडीसाखर:
सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस बेटं, मग मिंगेइकान. हत्ती ऐकून आई लगेच तयार झाली, पण तिथे कपड्यांचं काय?

गवतफुला:
पूर्ण उतरवायचे, पण बायकांचा भाग वेगळा आहे. आधी स्टुलावर बसून साबणाने स्वच्छ अंघोळ, मगच टाकीत. छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही. आणि तेशिमाला आईंसाठी शाल घ्या, वर उघडं असल्यामुळे वारं थेट आत येतं.