पोर्ट उघडण्यापूर्वी थोडा विचार व्हावा
प्रवासात असताना मुंबईतील घरचा संगणक दुरून वापरता यावा, म्हणून राउटरवर ३३८९ हे पोर्ट (बाहेरची जोडणी आत येण्याचे क्रमांकित दार) उघडून विंडोजमधील रिमोट डेस्कटॉप ही सोय वापरण्याचा सल्ला काहींनी दिला आहे; तो मार्ग कृपया टाळावा, कारण ते पोर्ट सर्वज्ञात असल्याने पासवर्ड शोधणारे स्वयंचलित प्रोग्राम त्यावर सतत धडका देत असतात. शिवाय राउटरला मिळालेला बाह्य पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल, तर तो इंटरनेट कंपनीच्या जाळ्याच्या आतला असून खरा बाह्य पत्ता अनेक ग्राहकांत सामायिक असल्यामुळे पोर्ट उघडूनही बाहेरून जोडणी होत नाही; टेलस्केल (आपली उपकरणे खाजगी जाळ्यात जोडणारी सेवा) मात्र आतूनच जोडणी सुरू करत असल्याने तेथेही चालते. विंडोजच्या होम आवृत्तीत रिमोट डेस्कटॉपने बाहेरून प्रवेश देण्याची सोय नाही, तेव्हा तेथे गूगलचे क्रोम रिमोट डेस्कटॉप बरे.

मुंबईच्या पावसाळ्यात वीज गेली, तर ती परतल्यावर संगणक आपोआप सुरू होण्याची बायॉसमधील (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमधील) सोय चालू करणे आणि स्लीप, म्हणजे संगणकाचे आपोआप झोपी जाणे, बंद ठेवणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. दादरहून प्रवासाची गाडी पकडण्यापूर्वी, फोनचे वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून घरच्या संगणकाशी एकदा अवश्य जोडून पाहावे.