भावाची अमेरिकेतली लेक दत्तक घ्यायचीय, सुरुवात इथून करू का तिथून?

अंबाजोगाईकर:
नमस्कार मंडळी. लग्नाला अकरा वर्षं झाली, आम्हाला लेकरू नाही. धाकटा भाऊ टेक्सासला असतो, त्याला तिसरी मुलगी झालीय, चार महिन्यांची आहे, आणि तो न् भावजय दोघं स्वतःहून म्हणले की ही तुमच्या ओटीत घालतो. बायकोनं आईच्या जुन्या लुगड्याची तीन दुपटी शिवून ठेवलीत, रोज व्हिडिओ कॉलवर लेकरू दिसलं की एक काढून दाखवती. दिवाळीला ते येणारेत. गावातले एक जण म्हणले पाचशेच्या बाँडवर दत्तकपत्र करा, घरी विधी करा, झालं. एवढ्यावर भागतं का? पोरीचा पासपोर्ट अमेरिकेचा आहे. खर्चाला आणि हेलपाट्याला आम्ही तयार आहोत.

लातूरकर78:
आता कोर्टाची भानगड राहिली नाही दादा, 1 सप्टेंबर 2022 पासून दत्तकाचा आदेश कलेक्टर देतात. बीडला जाऊन अर्ज टाका.

वकीलताई नांदेड:
लातूरकर, ते इथल्या लेकरांसाठी, इथं पासपोर्टच आडवा येतो. दादा, बाँडच्या नादी अजिबात लागू नका. जुलै 2025 मध्ये मुंबई हायकोर्टापुढं जवळजवळ अशीच केस आलती, नात्यातलंच बाळ, 2019 ला अमेरिकेत जन्मलेलं, काही महिन्यांचं असताना इकडं आणलेलं. कारानं, म्हणजे दत्तकाचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेनं, नोंदणी करून घेतली नाही आणि कोर्टानंही सांगितलं की अमेरिकन नागरिक असलेलं मूल दत्तक घ्यायचा मूलभूत हक्क तुम्हाला नाही, जन्मदाते भारतीय असले तरी.

वाट आहे, पण ती तिकडून सुरू होते. 2022 च्या दत्तक नियमांप्रमाणं परदेशातलं मूल घ्यायचं तर आधी त्या देशाच्या कायद्यानं तिथली प्रक्रिया करावी लागते. म्हणजे टेक्सासचं कोर्ट, तिथला वकील, भाऊ-भावजयीची रीतसर संमती. एका देशातून दुसऱ्या देशात दत्तक द्यायचा जो 1993 चा हेग करार आहे, त्यात दोन्ही देश आहेत, त्यामुळं तुमचा होम स्टडी रिपोर्ट (घरी येऊन तुमची चौकशी करून केलेला अहवाल), बाळाची माहिती आणि मेडिकल रिपोर्ट बघून कारा करारातल्या कलम 5 आणि 17 ची मंजुरी देते. मग भारतीय वकिलातीतून एंट्री व्हिसा, गृह मंत्रालयाच्या फॉरेनर्स डिव्हिजनची परवानगी, आणि त्यानंतर पोरीनं भारतात पाय ठेवायचा. आधी आणून मग कागद करू म्हणलात की अडकलात. आणि एवढं होऊनही ती अमेरिकन नागरिकच राहते बरं का, भारतीय नागरिकत्वासाठी 1955 च्या कायद्याखाली वेगळा अर्ज करावा लागतो.

परभणीचा बाप:
ताईंचं ऐका. आम्ही बाँडवालंच केलं. साडूचं पोरगं, ब्रिटिश पासपोर्ट, दीड वर्षाचा असताना आणला, नोटरी केली, गावजेवण घातलं. पहिलीच्या ॲडमिशनला गेलो तर क्लार्कनं जन्मदाखला बघितला, आमचं दत्तकपत्र बघितलं, दोन्ही शेजारी ठेवले आणि विचारलं, यातले वडील कोण? पोरगं पाण्याची बाटली धरून शेजारीच उभं होतं, ते माझ्या तोंडाकडं बघायला लागलं. आता नऊ वर्षांचा आहे, मला बाबा म्हणतो आणि कागदावर मी अजून त्याच्या मावशीचा नवराच आहे. व्हिसाची तारीख जवळ आली की रात्री झोप लागत नाही. दिवाळीची घाई करू नका, हात जोडून सांगतो.

अंबाजोगाईकर:
परभणीचे दादा, वाचून डोळ्यात पाणी आलं. बायकोला वाचून दाखवलं, ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणली उशीर होऊ द्या पण आपली म्हणून येऊ द्या. रात्रीच भावाला फोन लावला, तो तिकडचा दत्तकातला वकील बघतोय, दिवाळीला त्यांनी यायचं तेवढं येतील, लेकरू परत त्यांच्यासोबत जाईल. ताई, एकच विचारतो, होम स्टडीला घरी येतेत तेव्हा आईला पण विचारतेत का? तिला कमी ऐकू येतं, ती घाबरलीय.

वकीलताई नांदेड:
हो, घरातल्या सगळ्यांशी बोलतात, लेकरू येणार ते त्यांना कसं वाटतंय हे बघतात. आईंना म्हणावं घाबरायचं काही काम नाही. जिल्हा बाल संरक्षण कक्षात जाऊन आधी भेटा, सोबत लग्नाचा दाखला, दोघांचे मेडिकल आणि उत्पन्नाचे कागद घेऊन जा.