३१ टक्के मतं आणि २८२ जागा, हे गणित बसतं कसं?

निशाचर: २०१४च्या लोकसभा निवडणुकीत भाजपला देशभरात ३१ टक्के मतं होती आणि जागा २८२. म्हणजे मतदान केलेल्या दहातल्या जवळपास सात जणांनी त्यांना मत दिलं नाही, तरी एकट्याच्या बळावर बहुमत! बसपाला ४ टक्क्यांच्या वर मतं, जागांचा मात्र भोपळा. आणि बहुमताचा २७२ हा आकडा राज्यघटनेत कुठल्या कलमात आहे? मला तरी सापडला नाही.

मोजणीवाला: सापडणार नाही, कारण तो तिथे नाहीच. लोकसभेच्या ५४३ जागांचं निम्मं साडे२७१, म्हणून आपण सगळे २७२ म्हणतो. सभागृहात हजर राहून मत देणाऱ्यांची डोकी मोजतात. १७ एप्रिल १९९९ला वाजपेयी सरकार पडलं ते २६९ विरुद्ध २७०. पाडणाऱ्यांकडेही २७२ नव्हते.

टक्केवारीचं म्हणाल तर ती टीव्हीवर रंगीत दिसते, पण तिच्यावर एकही खासदार निवडून येत नाही. या ५४३ वेगवेगळ्या लढती. ज्याला सगळ्यात जास्त मतं तो आला. निम्मी हवीत असं काही नाही. मी मोजणी प्रतिनिधी म्हणून जाळीच्या अलीकडे बसलोय. टेबलावर मतदान यंत्राचं कंट्रोल युनिट येतं, सील दाखवतात, रिझल्टचं बटण दाबलं की एकेका उमेदवाराचा आकडा झळकतो. तो भराभर खरडायचा आणि १७सी फॉर्मवरच्या, म्हणजे मतदान केंद्रावर झालेल्या मतदानाच्या नोंदीतल्या, एकूण मतांशी ताळा पाहायचा. देशात कोणाची लाट आहे हे त्या टेबलावर कोणी विचारत नाही. २०२४ला वायव्य मुंबईत वायकर ४८ मतांनी आले. समोर कीर्तिकरांना साडेचार लाखांच्या वर मतं होती, ती सगळी पाण्यात.

बसपाचंही तेच. उत्तर प्रदेशात २० टक्क्यांच्या आसपास मतं, पण सगळीकडे विखुरलेली. पहिला नंबर एकाही जागी नाही.

आडवा प्रश्न: मग टक्क्यांनुसारच जागा वाटा की.

मोजणीवाला: वाटल्या तर २०१४ला भाजपच्या वाट्याला १७०च्या आतबाहेर आल्या असत्या. १९८४च्या काँग्रेसलाही, ४९ टक्के मतं घेऊन, बहुमत नसतं. प्रत्यक्षात ४००च्या वर जागा होत्या. म्हणजे टक्क्यांनी जागा वाटल्या तर कायमचं आघाडी सरकार. माझं मत विचाराल तर तेही चालेल, पण मग 'आमचा खासदार' म्हणून कोणाची कॉलर धरायची ते सांगा.

निशाचर: पटलं. आणि दोघांना अगदी सारखी मतं पडली तर?

मोजणीवाला: चिठ्ठी. चेष्टा नाही, १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात आहे. ज्याच्या नावाने कौल लागेल त्याला एक मत जादा पडलं असं धरतात.