‘सत्तेखाली आणा’ एवढंच वाचलंत का?

कालिनाकर
काल इथं एकानं लिहिलं की ख्रिस्ती लोक शांतीच्या गप्पा मारतात पण झाडं-नद्यांची वाट त्यांच्याच धर्मानं लावली, कारण बायबलच्या पहिल्याच अध्यायात ‘पृथ्वी सत्तेखाली आणा’ असं आहे. डोकं फिरलं म्हणून सविस्तर लिहितोय. अहो, पुढचा अध्याय तरी वाचा, तिथं देव माणसाला बागेत ठेवतो ते मशागत आणि राखण करायला. राखणदारानं बागच विकून खावी असं कुठं लिहिलंय? आणि असिसीचा संत फ्रान्सिस? 1219 मध्ये क्रूसेड, म्हणजे ख्रिस्ती-मुस्लिम धर्मयुद्ध, ऐन भरात असताना तो हत्याराशिवाय इजिप्तच्या सुलतानाला जाऊन भेटला, त्याच माणसानं सूर्याला भाऊ आणि पाण्याला बहीण म्हटलं. आपल्याकडे फादर दिब्रिटो वसईची हिरवाई वाचवणाऱ्या ‘हरित वसई’ चळवळीसाठी रस्त्यावर उतरले ते झगा काढून ठेवून नाही, फादर म्हणूनच.

बोरिवली_पश्चिम
ती पोस्ट माझीच. मी मनाचं काही लिहिलेलं नाही, लिन व्हाइट या इतिहासकारानं 1967 सालीच एका निबंधात हे मांडलंय. आणि तुमच्या पोपना निसर्ग आठवला कधी, तर 2015 ला, ‘लाउदातो सी’ हे पर्यावरणावरचं पत्र लिहिताना. तोवर काय करत होते सगळे?

कालिनाकर
मग व्हाइट शेवटपर्यंत वाचा ना. तोच निबंधाच्या शेवटी म्हणतो की फ्रान्सिसला पर्यावरणवाल्यांचा आश्रयदाता संत करा, आणि 1979 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी तसं जाहीरही केलं. 1 जानेवारी 1990 ला, चर्चच्या जागतिक शांतता दिनाला, त्यांचा संदेशच हा होता की देवाशी शांती आणि सृष्टीशी शांती बरोबरच चालते. आमच्या गल्लीत मे महिन्यात टँकर आला की सख्खे शेजारी एकमेकांच्या अंगावर जातात, पाणी नासल्यावर शांती राहते का कुठं?

बोरिवली_पश्चिम
बरं, 1990 मान्य. पण संदेश रोममध्ये राहिला, इथं काय उतरलं?

पोयसरची_मुलगी
हे मात्र खरं बोललात. आमच्या चर्चच्या अंगणात आंब्याच्या बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक ठोकलेत, कशासाठी तर पार्किंग. दोन नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, दफनभूमीत जा, प्लास्टिकची फुलं आणि मेणाचा चिखल. आणि त्या शवपेट्या! वसईत काही चर्चनी पेटी सोडून कापडात दफन सुरू केलं, मुंबईत आपण अजून पॉलिश आणि सॅटिनमध्येच अडकलोय.

माहीमची_लेक
पेटीवर घसरायची गरज नव्हती. माझी आई गेली तेव्हा तिला नीट पेटीत ठेवलं, तेवढंच आमच्या हातात होतं. घरात माणूस गेलंय आणि तुम्ही येऊन पर्यावरण शिकवणार?

पोयसरची_मुलगी
ताई, तुमच्या आईबद्दल बोलले नाही मी. माझ्या पप्पांची कबर दुसऱ्या कुणासाठी उघडली तेव्हा मी तिथं उभी होते. जागाच नाही ना मुंबईत, दोनेक वर्षांत उघडतात, अस्थी काढून भिंतीतल्या कप्प्यात ठेवतात. खोदणाऱ्या काकांनी फावडं मारलं तर लाकडाचा भुगा झालेला पण आतलं प्लास्टिकचं अस्तर जसंच्या तसं, चमकत होतं, आणि पप्पा त्यात गुंडाळलेले, नीट माती झालेली नव्हती. काकांनी मला मागं व्हायला सांगितलं. राखेच्या बुधवारी कपाळाला राख लावून ‘तू माती आहेस’ ऐकतो आपण, आणि मातीत जायची वेळ आली की मधे प्लास्टिक घालतो.

माहीमची_लेक
मग अस्तर बंद करा, पेटी का? खांद्यावरून पेटी जाते ती मान म्हणून जाते. कापडात बेवारस माणसाला पुरतात.

कालिनाकर
येशूला कशात ठेवलं होतं? अरिमथाईच्या योसेफानं तागाच्या कापडात गुंडाळूनच ठेवलं ना. तो बेवारस होता का?

माहीमची_लेक
येशूचं नाव घेऊन माझं तोंड बंद करू नका. त्यांना खडकातली नवीन कबर मिळाली होती, आम्हाला दोन वर्षांची.

बोरिवली_पश्चिम
मी हिंदू माणूस, मधे बोलू नये, पण लाकडांचा प्रश्न आमच्याकडेही आहे. माझ्या बाबांना विद्युतदाहिनीत न्यायचं म्हटल्यावर सख्ख्या काकांनी वर्षभर बोलणं टाकलं होतं. त्यामुळे ताईंचा राग कळतो. धर्मानं वाट लावली हे वाक्य मी अजून पूर्ण मागे घेत नाही, पण सगळा दोष बायबलवर टाकणं घाईचं झालं, एवढं लिहून ठेवतो.

पोयसरची_मुलगी
रविवारी दहाच्या मिस्सानंतर आम्ही काही जण फादरना भेटणार आहोत. मागणी एवढीच की प्लास्टिकचं अस्तर बंद करा, आणि खांद्यावरून न्यायला चर्चची एक कायमची पेटी ठेवा, कबरीपाशी देह कापडात खाली उतरवायचा. ताई, येताय का? मान राहतो की नाही ते तिथंच बोलू.

माहीमची_लेक
माझं चर्च वेगळं आहे. तरी येते. पण सक्ती करा म्हणालात तर तिथंच फादरांसमोर विरोध करीन.