मदत हवी: सब (सबवूफर) लावूनही खुर्चीत बेस नाही, गाडीत मात्र घुमतो (सांगली)

खर्जवाला
भजनाचं मिक्स रविवारी द्यायचंय. 5 इंची मॉनिटर स्पीकरवर डग्गा नीट कळत नव्हता म्हणून फक्त खालचे स्वर वाजवणारा 8 इंची सब घेतला. आता खुर्चीत खालचं काहीच येत नाही, नॉब वाढवला तरी फरक नाही. तेच मिक्स गाडीत लावलं की पखवाज नुसता घुमतो. सब 10 इंची घेऊ का? लवकर सांगा.

हरिपूर_रोड
खोली केवढी? खुर्ची समोरच्या भिंतीपासून किती फुटांवर? सब कुठं ठेवलाय, जोडलाय कसा? हे कळल्याशिवाय 15 इंची आणला तरी हेच होणार.

माऊली_साउंड
भाड्याच्या खोलीत सब नकोच. चांगला ओपन-बॅक हेडफोन घ्या आणि त्यावरच मिक्स करा. खोलीचा प्रश्नच मिटतो.

खर्जवाला
हेडफोन आहे, तो विषय नाही. खोली साधीच आहे, विश्रामबागला. सब टेबलाखाली.

हरिपूर_रोड
साधी म्हणजे किती? टेप लावा.

खर्जवाला
12 बाय 10, उंची साडेनऊ. तोंड 10 फुटी भिंतीकडे, खुर्ची 6 फुटांवर. इंटरफेसच्या (कॉम्प्युटरला जोडलेल्या ऑडिओ बॉक्सच्या) 1-2 आउटपुटमधून मॉनिटर, 3-4 मधून सब.

हरिपूर_रोड
मग सब बदलू नका. 12 फूट म्हणजे 3.66 मीटर. आवाजाचा वेग सेकंदाला 344 मीटर, त्याला 3.66 च्या दुपटीने भागा, 47 हर्ट्झ येतात. या लहरीचा दाब समोरच्या आणि मागच्या भिंतीशी सर्वांत जास्त, बरोबर मध्ये जवळजवळ शून्य. तुम्ही नेमके तिथंच बसलाय. नॉब वाढवला की खोलीत आवाज वाढतो, तुमच्या कानाशी वाढत नाही. म्हणून मिक्समध्ये खालचं जास्त घालता आणि ते गाडीत बाहेर पडतं.

खुर्ची पुढं घ्या, डोकं भिंतीपासून साडेचार फुटांवर. मॉनिटरचा पुढचा भाग भिंतीपासून 1 फूट, दोन मॉनिटरमध्ये 4 फूट. त्रिकोण बरोबर जुळतो.

दुसरं, मॉनिटरलाही पूर्ण आवाज जातोय आणि सबलाही. 60 ते 90 हर्ट्झमध्ये दोघंही वाजतात, फेज (लहरींचा चढउतार) जुळली नाही की एकमेकांना खातात. डग्ग्याचं बरंचसं काम त्याच पट्ट्यात असतं. 1-2 ची केबल सबच्या इनपुटला द्या, सबच्या आउटपुटमधून मॉनिटर घ्या, कटऑफ 80, म्हणजे त्याखालचं सब वाजवेल आणि वरचं मॉनिटर.

कऱ्हाड_मिक्स
80 कशाला? 60 ठेवा, मॉनिटर तेवढं खाली जातात.

हरिपूर_रोड
जातात, पण 5 इंची कोन तिथं ताणला जातो आणि डिस्टॉर्शन वाढतं. 80 वर सब कुठं ठेवलाय हे कानाला कळत नाही, मॉनिटरही मोकळे होतात.

मिरज_तंतू
तानपुरा घेताय का? माइक भोपळ्यावर रोखू नका. घोडीच्या जरा वर, दोन फुटांवरून स्मॉल डायाफ्रॅम कंडेन्सर लावा. जवारीचा झंकार तिथूनच मिळतो.

खर्जवाला
तानपुरा झालाय रेकॉर्ड. माझ्या सबला आउटपुटच नाहीत हो!

हरिपूर_रोड
हे आधी सांगायचं. मॉनिटरच्या पाठीवर लो-कटचा (खालचे स्वर कापणारा) स्विच असेल, तो 80 वर टाका. आणि एक बघा, बऱ्याच इंटरफेसवर व्हॉल्यूमचा मोठा नॉब फक्त 1-2 ला लागतो. मॉनिटर कमी केले तरी सब तेवढाच राहतो, म्हणजे दर वेळी बेसचं प्रमाण वेगळं. मिक्सर सॉफ्टवेअरमध्ये 3-4 त्या नॉबला जोडता येतात का पाहा.

आता सबची जागा. सब उचलून खुर्चीवर ठेवा, 40 ते 100 हर्ट्झचा सावकाश स्वीप (खालून वर सरकत जाणारा स्वर) लावा आणि भिंतीकडेने गुडघ्यांवर फिरा, कान सबच्या उंचीला. जिथं स्वर सारखे ऐकू येतात, कुठलाच उसळत नाही, तिथं सब. मग खुर्चीत बसून 80 ची साईन (एकच शुद्ध स्वर) वाजवा, कुणाला तरी सबवरचा फेजचा 0 आणि 180 चा स्विच फिरवायला सांगा. ज्यात आवाज मोठा, तो ठेवा.

शाहूपुरी_साताराकर
कोपऱ्यांत अंड्याचे ट्रे लावा, स्वस्तात काम.

कऱ्हाड_मिक्स
ट्रेनं फक्त वरचा आवाज थोडा विखुरतो, 47 ची लहर सात मीटरची असते. शिवाय ट्रे पटकन पेट घेतात. 48 डेन्सिटीचं (घनमीटरला 48 किलो) 4 इंच रॉकवूल, म्हणजे दगडी लोकर, 2 बाय 4 फुटी लाकडी चौकटीत भरा, वर मांजरपाट, आणि कोपऱ्यात तिरकं उभं करा. भिंतीला खिळा लागत नाही. 47 ला त्याचाही फारसा उपयोग नाही, पण 100 च्या वर फरक कळतो.

खर्जवाला
खुर्ची पुढं घेतली, सब खिडकीखाली गेला, 180 वर मोठा आला. डग्ग्याची मींड आता खालपर्यंत कळते. साईन एकेक हर्ट्झ सरकवून पाहिली, 56 ला अजून पडतं. ईक्यूनं (इक्वलायझरनं) उचलू?

हरिपूर_रोड
उचलू नका. ते 47 सारखंच, पण 10 फूट रुंदीमुळं आहे. स्टिरिओसाठी मधोमध बसावंच लागतं आणि तिथं तो खड्डा येतो. ईक्यूनं ॲम्पची ताकद जाईल, खड्डा भरणार नाही. तेवढा पट्टा माऊलींच्या हेडफोनवर तपासा. रविवारचं मिक्स द्यायच्या आधी डग्ग्याला घातलेला जुना बूस्ट काढा.