चिमणराव, तात्या विंचू, आबा टिपरे: माणूस एकच

मालिकेतल्या नटाला एका भूमिकेची ओळख जन्मभर चिकटते, हे मत मला पटतं. पण दिलीप प्रभावळकरांना ते लागू पडत नाही. दूरदर्शनच्या सुरुवातीच्या काळात चिं. वि. जोशींचा चिमणराव त्यांनी घराघरांत पोचवला, गुंड्याभाऊ होते बाळ कर्वे. तेवढ्यावर आयुष्यभर निभावलं असतं. पण पुढे १९९१ साली ‘चौकट राजा’मधला नंदू, १९९३ साली ‘झपाटलेला’मधला तात्या विंचू, आणि २००६ साली ‘लगे रहो मुन्नाभाई’मधले गांधीजी! ‘हसवाफसवी’ नाटकात तर एकाच प्रयोगात सहा माणसं.

माझे सर्वांत लाडके ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ मालिकेतले टिपरे आजोबा, म्हणजे आबा. त्यांचं मूळ प्रभावळकरांनी स्वतः लिहिलेल्या ‘अनुदिनी’ या सदरात आहे, म्हणून त्या म्हाताऱ्याच्या तोंडी परकं वाक्य येत नाही. दिवसभराचा घरातला गोंधळ संपला की आबा रोजनिशी उघडतात, चष्म्याआडून मिश्कील बघतात. त्या नजरेत मला मध्यमवर्गीय मराठी घरातले संस्कार दिसतात. वाचन, टिपण, माणसं न्याहाळणं. विज्ञान शिकलेले प्रभावळकर मुलाखतीतही स्वतःपेक्षा भूमिकांबद्दलच जास्त बोलतात. तरुण नटांनी त्या मुलाखती जरूर ऐकाव्यात.