मदत हवी आहे: पुलाखाली बझर उशिरा वाजतो

अभि_सक्करदरा: फायनल इयरचा प्रोजेक्ट. दोन गाड्या एकमेकींना जागा आणि वेग कळवतात, समोरच्याने करकचून ब्रेक मारला की मागच्याचा बझर वाजायला पाहिजे. मैदानावर बरोबर चालतं. काल नागपुरात छत्रपती चौकात डबलडेकर पुलाखाली बझर वाजला तेव्हा मी समोरच्या गाडीला जवळजवळ टेकलो होतो. परवा सबमिशन आहे. काहून होत असेल?

रेडिओकाका: मॉड्यूल कोणतं? अँटेना कुठे? काहीच लिहिलं नाही, सांगायचं काय?

अभि_सक्करदरा: ईएसपी३२ बोर्ड, ईएसपी-नाऊवर (राउटरशिवाय बोर्ड थेट एकमेकांना मेसेज पाठवतात). डिक्कीत ठेवलंय.

काटोलकर: लोरा घे भाऊ, लांब पल्ल्याचा रेडिओ. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झला लायसन लागत नाही. माझ्या संत्र्याच्या बागेत या टोकाचं त्या टोकाला पोचतं.

रेडिओकाका: बाग जागची हलत नाही. इथे सेकंदाला दहा मेसेज लागतात, लोरा तेवढं धावत नाही. अमेरिका-युरोपात यासाठी ५.९ गिगाहर्ट्झचा पट्टाच राखून ठेवलाय. अँटेना डिक्कीबाहेर काढ, पत्रा सिग्नल खातो.

फुटाळा_रायडर: आमच्या ग्रुपने हेल्मेटला इंटरकॉम लावले. बोलत जाता येतं, मस्त आहे.

बर्डीवाला: रेडिओ पाहिजेच कशाला? २०२१ मध्ये आयरास्ते हा रस्ता-सुरक्षेचा प्रकल्प सुरू झाला, मनपाच्या बसेसना कॅमेरे लागले. धडक होईल असं वाटलं की ड्रायव्हरला सावध करतात.

रेडिओकाका: ट्रकच्या पलीकडे ब्रेक लागला तर कॅमेऱ्याला दिसेल का? रेडिओला कळतं.

केतकी: भांडण नंतर करा. अभि, मेसेज हरवतात की येतात पण जागा जुनी असते? मेसेजला नंबर दिलाय ना? लॉग बघ.

अभि_सक्करदरा: बघितला. नंबर सगळे आलेत. पण अक्षांश-रेखांश दहा-दहा ओळी तेच.

केतकी: मग रेडिओचा दोष नाही. जीपीएस मॉड्यूल निओ-६एम असेल तर ते मुळात सेकंदाला एकदाच जागा देतं. चाळीसच्या स्पीडला तेवढ्यात गाडी ११ मीटर पुढे जाते. मैदानावर हळू चालवलीस म्हणून कळलं नाही. सेकंदाला ५ वेळा कर, बॉड रेट (जीपीएसकडून बोर्डाला डेटा येण्याचा वेग) ९६०० वरून ३८४०० कर. तरी पुलाखाली आकाश झाकलेलं, सॅटेलाइट कमीच दिसणार. ब्रेकसाठी जीपीएसवर विसंबूच नको, ब्रेकलाइटच्या स्विचवरून सिग्नल घे.

अभि_सक्करदरा: वायर सापडली! १२ व्होल्ट येतात. डायरेक्ट पिनला जोडू?

केतकी: नको! बोर्ड जळेल. मध्ये ऑप्टोकपलर (प्रकाशातून सिग्नल देऊन दोन सर्किट वेगळी ठेवणारा भाग) टाक, पिनला ३.३ व्होल्टच्या वर जाऊ देऊ नको.

रेडिओकाका: आणि अँटेना बाहेर काढच.